जुन्या डेस्कटॉपची ग्राफिक्सची कटकट: अनुभव धागा

मंडळी, जुन्या डेस्कटॉपवर रेघा, रंगीत ठिपके, मध्येच काळा पडदा हे दुखणं एकदा बरं झालं तरी पुन्हा उपटतं. आपल्या कोल्हापुरात पावसाळ्यात तर जास्तच. काय तपासायचं, कशानं फरक पडतो, ते नेमकं लिहा. नुसतं "ग्राफिक्स कार्ड बदला" नको.

शाहूपुरी, दुरुस्ती काम

आधी दोष कुठे आहे ते ठरवा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला. रेघा दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर उघडून बघा. त्यात रेघा आल्या तर कार्ड किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), चित्र स्वच्छ आलं तर बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर. बायोसच्या (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावरही ठिपके असतील तर विंडोज फॉरमॅट करण्यात वेळ घालवू नका, दोष हार्डवेअरचा आहे.

व्हीजीए केबलमध्ये (मॉनिटरची पंधरा पिनांची जुनी केबल) निळा रंग तुटला की पडदा पिवळट होतो, हिरवा तुटला की जांभळट-गुलाबी. वाकलेली पिन शोधा. नऊ नंबरची पिन कित्येक केबलना मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका.

जून ते सप्टेंबर ओल आणि धूळ मिळून कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर बसतो. पॉवर केबल काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, केसच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कार्डाचा स्क्रू काढा आणि स्लॉटच्या टोकाची खिटी दाबूनच कार्ड सरळ वर घ्या. खिटी न दाबता ओढलं तर ती तुटते आणि कार्ड पुढे कायम हलतं. पट्ट्यांवर पांढरा खोडरबर हलक्या हातानं, आतून कडेकडे, एकाच दिशेनं फिरवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको.

उद्यमनगर, ड्रॉइंगचं काम

शाहूपुरीकरांशी सहमत, पण आमच्या भागात धूळ साधी नसते, त्यात लोखंडाची भुकटी असते आणि तिच्यातून वीज वाहते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भरमसाट वेगानं फिरून बेअरिंग जातं. चिप आणि तिच्यावरच्या हीटसिंकमधली (उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) जुनी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. हीटसिंकचे स्क्रू तिरक्या जोडीनं, थोडे थोडे आवळा.

पडदा फक्त ऑटोकॅडमध्ये थ्रीडी फिरवताना काळा होत असेल तर एसएमपीएसवर (डेस्कटॉपला वीज पुरवणारा डबा) संशय घ्या. १२ व्होल्टची लाइन भार असताना ११.४ च्या खाली जाता कामा नये. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (मदरबोर्डावरची कार्ड बसवायची खाच) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, त्यापुढची गरज सहा पिनांच्या वेगळ्या वायरनं भागते. मदरबोर्डावर फुगलेल्या डोक्याचे कपॅसिटर दिसले तर कार्ड बदलून उपयोग नाही.

राजारामपुरी, डीटीपी

ड्रायव्हरचं कोणी लिहिलं नाही. "डिस्प्ले ड्रायव्हर थांबला आणि पुन्हा सुरू झाला" असा निरोप येतो तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची बिघाडांची नोंदवही) ४१०१ नंबरची नोंद सापडते. विंडोज ग्राफिक्स चिपच्या उत्तरासाठी साधारण २ सेकंद थांबते, मग ड्रायव्हर नव्यानं चालू करते. उपाय: आधी योग्य ड्रायव्हर उतरवून ठेवा, नेट बंद करा, सेफ मोडमध्ये डीडीयूनं (ड्रायव्हर मुळापासून काढणारं फुकट सॉफ्टवेअर) जुना पूर्ण पुसा, मग नवा टाका. नेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच आपल्या मनाचा ड्रायव्हर बसवते आणि सगळं पहिल्यापासून.

जीटी ७३० वाल्यांनो, हे एनव्हिडियाचं कार्ड फर्मी (जुनी पिढी) आणि केप्लर (नंतरची पिढी) अशा दोन्ही चिपांत आलं. कुठली चिप आहे ते जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या. फर्मीला शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, केप्लरला ४७० ची मालिका. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका.

कसबा बावडा

कार्ड नसेल, ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर ते रॅमच वापरतं. त्यामुळे रॅम खराब असली तरी ठिपके येतात. रॅमची एकेक काडी लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवा. लिनक्स काळ्या पडद्यावर अडकलं तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू होताना येणारी यादी) 'ई' दाबून कर्नलच्या ओळीत ('linux' नं सुरू होणारी) 'नोमोडसेट' इंग्रजीत, सलग (nomodeset) लिहा. हे आत शिरण्यापुरतं आहे, नंतर ड्रायव्हर नीट बसवावाच लागतो.

शाहूपुरी, दुरुस्ती काम

एक राहिलं. हीट गननं चिप तापवून कार्ड "जिवंत" करून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. ते फार काळ टिकत नाही. जुनं कार्ड घेताना भार टाकून अर्धा तास चालवूनच घ्या, पंखा हातानं फिरवून बघा आणि आपल्या एसएमपीएसला सहा पिनांची वायर आहे का ते आधी तपासा.