डग्लस बाडर यांच्या सहीचा फोटो: सही खरी आहे का, आणि कधीची असेल?

नमस्कार मंडळी,

जुने फोटो आणि सह्या यांतल्या जाणकारांची मदत हवी आहे.

मामांच्या संग्रहातला एक कृष्णधवल फोटो माझ्याकडे आला आहे. हरिकेन विमानाशेजारी उभे असलेले डग्लस बाडर, आणि खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत सही. मामा आता नाहीत. फोटो त्यांना कुठून मिळाला याची चिठ्ठीचपाटी काही सापडली नाही. विकायचा मुळीच विचार नाही.

बाडर ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: डिसेंबर 1931 मध्ये विमान कोसळून त्यांचे दोन्ही पाय गेले आणि ब्रिटिश हवाई दलातून त्यांना बाहेर पडावं लागलं. महायुद्ध सुरू झाल्यावर ते कृत्रिम पायांवर परत आले आणि 1940 मध्ये 242 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले. शत्रूची बावीसेक विमानं त्यांच्या नावावर आहेत. या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच खोटी सही खरी समजून भिंतीवर लावायची नाही.

मामा ही सही 'लढाईच्या काळातली' म्हणायचे. मला तिथेच शंका आहे. 9 ऑगस्ट 1941 ला बाडर फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती लागले, ते एप्रिल 1945 मध्ये कोल्डिट्झच्या किल्ल्यातून सुटेपर्यंत कैदेतच होते. म्हणजे युद्धकाळातली सही असेल तर ती बहुधा पकडले जाण्याआधीची. पण भिंगातून पाहिलं तर रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची आहे, वळणांवर शाईचे बारीक गोळे आहेत, मध्येच रेघ कोरडी पडली आहे. हे टाकाचं किंवा फाउंटन पेनचं काम वाटत नाही, सरळ बॉलपेन दिसतं. आणि ब्रिटनमध्ये दुकानात बॉलपेन मिळू लागलं ते 1945 च्या अखेरीस. त्याआधी हवाई दलाला ती मिळाली होती, कारण उंचीवर ती गळत नसत, पण तेव्हा बाडर कैदेत होते!

फोटोच्या मागे टंकलेखन यंत्राने 'ग्रुप कॅप्टन' असं लिहिलं आहे. तो हुद्दा त्यांना सुटकेनंतर मिळाला, म्हणजे निदान ही ओळ तरी 1945 नंतरची. कागद मात्र जुना असावा. यूव्ही टॉर्चखाली तो निळसर चमकत नाही. 1950 नंतरच्या बऱ्याच फोटो-कागदांत चमक आणणारी रसायनं असतात असं वाचलं आहे.

सही छापील नाही एवढी माझी खात्री झाली आहे. तिरप्या उजेडात पेनाने दाबलेली खाच दिसते आणि ठिपक्यांची जाळी कुठेही नाही. पण खाच तर नकली सही करणाऱ्याच्या पेनानेही पडते.

तर, कुणाकडे बाडर यांनी सही केलेलं तारखेचं पत्र आहे का? 1946 मध्ये हवाई दल सोडल्यावर ते शेल कंपनीत होते, त्या काळातली पत्रं असतील तर उत्तम. त्यांच्या वतीने दुसरं कुणी सह्या करत असे का? सहीतल्या कोणत्या अक्षराकडे मुद्दाम पाहावं?

दुसरं, फोटो मागून पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेला आहे, कडेने सुटू लागला आहे. तो सोडवावा की पुठ्ठ्यासकट तसाच ठेवावा? बॉलपेनची शाई उजेडाने उडते म्हणून सध्या अंधाऱ्या कपाटात ठेवला आहे. सहीचा जवळून घेतलेला फोटो प्रतिसादात टाकतो.