मदत हवी आहे : ‘पर्म्युटेशन’चा ‘अदलाबदल’ हा अर्थ इंग्रजीतून कधी लोपला?

विल्यम लँगलंडच्या १४व्या शतकातील ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यातील एका उताऱ्याचा अनुवाद करताना एका शब्दापाशी अडलो आहे. राजासमोर ‘विवेक’ हे पात्र लाच आणि रास्त मोबदला यांतला फरक सांगताना म्हणते की, व्यापारात बक्षिसी नसतेच, ते उघड उघड ‘पर्म्युटेशन’ असते, पेनीभर मालाला पेनीभर माल. शाळेत शिकलेल्या, वस्तूंचा क्रम बदलण्याच्या गणिताशी याचा काही संबंध नाही. इथे अर्थ सरळ परस्पर विनिमयाचा आहे.

मूळ लॅटिन शब्द पाहून झाला आहे. रोमन कायद्यात तो विक्रीहून वेगळा, वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्याचा करार होता आणि इ.स. ५३३च्या जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे व्युत्पत्ती पुन्हा सांगू नये, ही विनंती. हाताशी असलेल्या छोट्या कोशांत केवळ गणिती अर्थ मिळतो आणि सशुल्क कोश मला परवडणारे नाहीत.

मराठीत ‘साटेलोटे’ चटकन सुचते, पण त्याला संगनमताचा वास येतो आणि विवेकाला नेमके तेच नाकारायचे आहे. ‘विनिमय’ अचूक असला तरी त्या पेनीशेजारी फार पुस्तकी वाटतो.

तर १६००नंतरच्या इंग्रजी लेखनात हा शब्द मालाच्या अदलाबदलीसाठी वापरल्याचे एखादे उदाहरण, संदर्भासह, कोणी देऊ शकेल का? आणि त्या ओळीत आपण कोणता मराठी शब्द योजला असता?