गावचा बेसबॉल पत्रकार गावच्याच खेळाडूला मत देतो का?

वॉल्थमकर:
काल एडिसनकरांनी लिहिलं की बॉस्टनचे बेसबॉल पत्रकार आपल्या गावच्या संघाचे, रेड सॉक्सचे, भाट आहेत, आणि एमव्हीपीची (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराची, जो पत्रकारच मत देऊन ठरवतात) मतं अशा गाववाल्यांच्या हातून काढूनच घ्यावीत. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर बॉस्टनच्याच वर्तमानपत्रांनी. 'रेकॉर्ड'चा डेव्ह ईगन तर वर्षानुवर्षं हात धुऊन त्याच्या मागे लागला होता. १९४७ साली टेडने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे लीगमध्ये तिन्हींत पहिला: सरासरी ०.३४३, ३२ होमरन, ११४ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर झालेल्या धावा). एमव्हीपी कोणाला? न्यूयॉर्क यांकीजच्या डिमॅजिओला. २०२ गुण विरुद्ध २०१! प्रत्येक मतदार दहा नावं क्रमाने लिहितो, दहाव्याला एक गुण, नवव्याला दोन; एका मतदाराने टेडला पहिल्या दहांतही धरलं नव्हतं. त्याने दहावा क्रमांक दिला असता तरी बरोबरी झाली असती, नववा दिला असता तर टेड जिंकला असता. आणि तो मतदार बॉस्टनचाच, मेल वेब. भाट असं करतात का?

एडिसनकर:
वेबची गोष्ट टेडने सांगितली म्हणून खरी होत नाही. पुढे लोकांनी शोध घेतला, तर वेबला त्या वर्षी मतच नव्हतं. तुमचा सगळा डोलारा एका चुकीच्या आरोपावर उभा आहे, आणि आरोप कोणावर, तर उत्तर द्यायला जिवंत नसलेल्या माणसावर.

आता माझ्या मुद्द्याचं उत्तर द्या. २०१३ पासून 'बॉस्टन ग्लोब' वर्तमानपत्राचा मालक आणि रेड सॉक्सचा मालक एकच आहे, जॉन हेन्री. मालकाच्या संघावर नोकर काय लिहिणार?

फिलीची मावशी:
एडिसनकर, तुमच्या यांकीजवाल्या न्यूयॉर्कबद्दल पण बोला की. १९९९. रेड सॉक्सचा पिचर (चेंडू टाकणारा) पेड्रो मार्टिनेझ: २३ विजय, ४ पराभव, ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा) २.०७, ३१३ स्ट्राइकआउट. पहिल्या पसंतीची मतं त्याला ८, इव्हान रॉड्रिगेझला ७. तरी पेड्रो हरला, २५२-२३९. दोघांनी त्याचं नावच लिहिलं नाही. त्यातला एक 'न्यूयॉर्क पोस्ट'चा जॉर्ज किंग. कारण काय, तर पिचरला एमव्हीपी देऊ नये. मग आदल्याच वर्षी त्याने दोन पिचरना कशी मतं दिली? त्यातला एक यांकीजचा डेव्हिड वेल्स!

एडिसनकर:
दुसरा मिनियापोलिसचा होता, मावशी. त्याला यांकीजचं काय पडलं होतं? त्याचं नाव का गाळलंत?

वॉल्थमकर:
वेबबद्दल चुकलो. ऐकीव गोष्ट तपासायला हवी होती. पण ईगनचं लिखाण छापील आहे, ते कोणी पुसू शकत नाही.

आणि भाट शोधायचेच असतील तर तुमच्या अंगणात शोधा. डिमॅजिओची १९४१ची, सलग ५६ सामन्यांत हिट मारण्याची मालिका घ्या. त्या काळी हिट (फलंदाजाचं श्रेय) की एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) हे ठरवणारा अधिकृत स्कोअरर म्हणजे गावचाच पत्रकार. यांकी स्टेडियमवर डॅन डॅनियल, 'वर्ल्ड टेलिग्राम'चा. १७ जूनला, तिसाव्या सामन्यात, चेंडू उसळून समोरच्या संघाचा क्षेत्ररक्षक (शॉर्टस्टॉप) ॲपलिंग याच्या खांद्याला लागला. हिट! दुसऱ्या दिवशी पुन्हा ॲपलिंगकडेच, पुन्हा हिट! दोन्ही दिवस डिमॅजिओची ती एकुलती एक हिट. त्याच वर्षी टेडने ०.४०६ ची सरासरी काढली आणि एमव्हीपी डिमॅजिओला गेलं.

एडिसनकर:
५६ ला हात लावू नका. खांद्याला लागून उडालेला चेंडू एरर कसा? वाईट उसळी ही हिटच असते, नियम काढून बघा. आणि १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये मालिका तुटल्यावर त्याने लगेच पुढच्या १६ सामन्यांत हिट मारली. तिथेही डॅनियलच बसला होता का?

फिलीची मावशी:
पहिल्या दिवसाची ठीक आहे. दुसऱ्या दिवसाचं काय?

ह्यूस्टनचा नाना:
मी लेकीच्या सॉफ्टबॉल संघाचं स्कोअरबुक चार वर्षं लिहिलं, म्हणून सांगतो. एकदा तिने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हला लागून निसटला. मी हिट लिहिली. त्या मुलीची आई तावातावाने आली. म्हणाली, तुमच्या मुलीची असती तर? मी म्हटलं, माझ्याच मुलीची आहे. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय. रात्री पुस्तक उघडून बसलो आणि कळलं, आठवडाभरापूर्वी अगदी तसाच चेंडू दुसऱ्या मुलीचा होता तेव्हा मी एरर लिहिली होती. मी खोटं लिहीत नव्हतो हो, मला तसंच दिसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पेन दुसऱ्याच्या हाती दिलं. डॅनियल लबाड होता असं मी म्हणणार नाही, पण त्याला तिथे बसवायलाच नको होतं.

एडिसनकर:
नाना, तुमची गोष्ट मनाला लागली, पण लेक वेगळी आणि ज्याच्यावर रोज लिहायचं तो खेळाडू वेगळा.

ह्यूस्टनचा नाना:
वर्षाला १५४ सामने त्याच माणसांबरोबर, त्याच आगगाडीने, आणि प्रवासाचा खर्च क्लबचा. किती वेगळा राहणार?

वॉल्थमकर:
आणि हाच सहवास उलटाही फिरतो. टेड पत्रकारांशी नीट बोलत नसे, त्याचा राग त्यांनी छापून काढला. म्हणून म्हणतो, गाववाला मर्जीतल्याला वर चढवतो तसा मर्जीतून उतरलेल्याला गाडतोही. मतं काढून घेऊन उपयोग नाही. नावानिशी जाहीर करा. आता तसं होतंच, मतपत्रिका कोणालाही बघता येतात.

एडिसनकर:
नावानिशी जाहीर करणं मान्य, १९९९मध्ये तसं असतं तर किंगला दुसऱ्याच सकाळी उत्तर द्यावं लागलं असतं. १८ जूनची हिट संशयास्पद होती, हेही धरून चाला. पण हेन्रीच्या मालकीबद्दल तुम्ही अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, वॉल्थमकर. मी वाट बघतोय.