वार्षिक अहवाल ई-रीडरवर वाचताना

ब-३०४: सचिव महोदय, आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबत ईमेलने आलेला ४८ पानांचा अहवाल मी किंडलवर, म्हणजे माझ्या ई-रीडरवर, घेतला खरा, पण ए-४ आकाराचे पान सहा इंची पडद्यावर निम्म्याहूनही लहान होते आणि आकड्यांच्या जागी मुंग्यांची रांग दिसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला मोबाइलवर फार वेळ वाचवत नाही. पुस्तकांचे अक्षर या यंत्रावर हवे तेवढे मोठे होते, मग याच फायलीचे का होत नाही?

अ-१०२: काका, ती फाइल स्कॅन केलेली आहे, यंत्राच्या लेखी तिच्यात अक्षरे नाहीतच, केवळ ४८ छायाचित्रे आहेत. मूळ वर्ड फाइल आपल्या किंडलला मिळालेल्या स्वतंत्र ईमेल पत्त्यावर पाठवली, तर मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडला जातो आणि मग अक्षर वाढवता येते. मात्र ज्या पत्त्यावरून ईमेल जाणार, तो आपल्या अ‍ॅमेझॉन खात्यातील मंजूर यादीत आधी नोंदवावा लागतो, आणि ईमेलने ५० एमबीपेक्षा मोठी फाइल जात नाही.

ड-५०१: मराठी कागदपत्रांत आणखी एक गोम असते. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पीडीएफमध्ये सुबक दिसतो, कारण फाँट फायलीतच बसवलेला असतो. परंतु रूपांतर होताच तो फाँट गळून पडतो आणि उरतात ती त्यामागची रोमन अक्षरे व चिन्हे. एका करारनाम्याचा मसुदा मी असाच उघडला होता. फाइल बिघडली असे समजून ती तीनदा मागवली, आणि तिन्ही वेळा तेच.

सचिव: अहवाल युनिकोडमध्येच टंकलेला आहे. सहीशिक्क्याची प्रत अधिकृत असल्यामुळे स्कॅन पाठवावी लागते. तिच्याबरोबर वाचण्यासाठी वर्ड प्रत आज रात्री पाठवतो. ताळेबंद एक्सेलमध्ये आहे, तोही पाठवू का?

अ-१०२: एक्सेल फाइल किंडलचा पत्ता स्वीकारत नाही, आणि वर्डमधले रुंद तक्तेही अक्षर मोठे केले की विस्कटतात. ताळेबंदाची तेवढी दोन पाने स्वतंत्र पीडीएफ करून पाठवावीत. काकांनी ती पडदा आडवा करून वाचावीत, म्हणजे पानाला जास्त रुंदी मिळते. खरे सांगायचे तर आकडेमोडीसाठी संगणकच बरा.

ब-३०४: सचिव महोदय, दोन्ही फायली मिळाल्या आणि अहवाल अक्षर मोठे करून सावकाश वाचला. लिफ्टच्या देखभालीचा खर्च दोन ठिकाणी धरलेला दिसतो. अक्षर वाढवल्यावर माझ्याकडे पानांचे क्रमांक आपल्या प्रतीशी जुळत नाहीत, म्हणून ‘दुरुस्ती व देखभाल’ आणि ‘वीज खर्च’ या दोन मथळ्यांखाली पाहावे.