फुंकर मारून साखर कळेल का? लेकीच्या बोटांसाठी विचारतेय

लेकीचीआई:
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, टाइप १ मधुमेह. दिवसातून सात-आठ वेळा बोटाला टोचावं लागतं. बोटांची टोकं राठ झालीत, आणि करंगळी धरली की ती हात मागे ओढते. निदान व्हायच्या आधी दोन रात्री तिच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. मी तिला कुशीत घेऊन झोपले होते. वास आला, पण अर्थ कळला नाही. तेव्हापासून एकच डोक्यात घोळतंय: माझ्या नाकाला आला तो वास यंत्राला का येऊ नये? नॅनो पदार्थांचे नखाएवढे गॅस सेन्सर निघालेत असं वाचलं. यात काम करणारं कोणी असेल तर खरं काय ते सांगा.

टंगस्टन:
ताई, सहा वर्षं याच सेन्सरवर काम करतोय, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. साखर नाही कळणार. तो वास साखरेचा नव्हता, अ‍ॅसिटोनचा होता. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन बनतात, आणि त्यातलं अ‍ॅसिटोन चटकन उडणारं असल्यामुळे रक्तातून श्वासात उतरतं. उपाशी राहिलं किंवा खूप व्यायाम झाला तरीही ते वाढतं. साखर चढली म्हणून तेही त्याच मापाने चढेल, असं नाही.

सेन्सर म्हणजे टिन ऑक्साइड किंवा टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर आणि त्याखाली केसाएवढा हीटर. थर साधारण ३०० अंशांवर तापलेला असतो. हवेतला ऑक्सिजन कणांना चिकटून त्यांचे इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. अ‍ॅसिटोन आलं की ते या ऑक्सिजनशी जळतं, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि विजेचा रोध घसरतो. आम्ही मोजतो ती ही घसरण. नॅनो कशाला, तर टिन ऑक्साइडमध्ये हा सगळा खेळ वरच्या जेमतेम ३ नॅनोमीटरमध्ये चालतो. कण मोठा असला तर गाभ्याला काही पत्ताच नसतो. तो ६ नॅनोमीटरच्या आत आणला की अख्खा कण दाद देतो.

अ‍ॅसिटोन ओळखण्यात टंगस्टन ऑक्साइडचं एक खास स्फटिकरूप सरस ठरलंय. त्यात थोडं सिलिकॉन मिसळून ते टिकाऊ करण्याचं काम झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात झालं. निरोगी माणसाच्या श्वासात अ‍ॅसिटोन दहा लाखांत एक भागाहूनही कमी असतं. माझ्या टेबलावर, कोरड्या हवेत, अर्धा भागही स्वच्छ दिसतो. पण त्याच सेन्सरवर मी स्वतः फुंकर मारली की आलेख आधी पाण्याच्या वाफेनेच कोसळतो. श्वास जवळजवळ शंभर टक्के दमट असतो हो, आणि त्यात शेकडो वायू. एकदा तीन दिवस आकडे उगाच वर जात होते. शेवटी सापडलं ते शेजारच्या टेबलावरचं उघडं सॅनिटायझर.

टोचणं कमी करायचं असेल तर डॉक्टरांना सीजीएमबद्दल विचारा. दंडावर लावतात, त्वचेखालच्या द्रवातली साखर सतत दाखवतं.

फुफ्फुसतपासणी:
मी श्वसनविकारांच्या तपासण्या घेते. श्वासावरून आजार ओळखणं दम्यात रोजचं झालंय. नायट्रिक ऑक्साइड मोजतो, अब्जांत किती भाग ते. मोठ्यांमध्ये ५० च्या वर, मुलांमध्ये ३५ च्या वर गेलं की श्वासनलिकेत दाह असण्याची शक्यता बरीच. पण श्वास सेकंदाला ५० मिलिलिटर या एकाच वेगाने सोडावा लागतो. लहान मुलं पहिल्या खेपेला जोरात फुंकतात, मग मी त्यांना गरम दूध निववल्यासारखं फुंकायला सांगते, तेव्हा जमतं. यंत्र कितीही छोटं करा, श्वास नीट घेतला गेला नाही तर आकडा फसवा.

लेकीचीआई:
दोघांचे आभार. सीजीएमचं विचारते. पण टंगस्टन, साखर राहू दे, ते कीटोन तरी? रात्री तिच्या उशाशी ठेवता येईल असं काही? मला त्या दोन रात्रींची भीती वाटते.

टंगस्टन:
कीटोन वाढल्याचा इशारा देणं, माझी आशा तिथेच आहे आणि त्यासाठीच राबतोय. पण आज ताप किंवा उलट्या असल्या, वा साखर उतरत नसली, तर रक्तातले कीटोन पट्टीवरच तपासा. फुंकरीच्या कुठल्याही आकड्यावर इन्सुलिन ठरवू नका.

उशाशी मात्र जमणार नाही. श्वास नाकापासून हातभर जाईपर्यंत खोलीच्या हवेत विरून जातो, सेन्सरला काही उरत नाही. आणि ताई, अ‍ॅसिटोनचा वास कित्येकांना येतच नाही. तुम्हाला आला, कारण तुम्ही तिला कुशीत घेतलं होतं.