चर्चा: 'जाणकार वाचक' नेमला की मुलांचं पुस्तक अस्सल होतं का?

पानोपानी
दुसऱ्या समाजातलं मूल नायक असलेलं चित्रपुस्तक काढताना बरेच प्रकाशक सेन्सिटिव्हिटी रीडर नेमतात. त्या समाजातली जाणकार व्यक्ती मजकूर वाचून खटकणाऱ्या जागा दाखवते. माझा आक्षेप या वाचनाला नाही, ते ज्या टप्प्यावर होतं त्याला आहे. तोवर पुस्तक ठरून गेलेलं असतं.

३२ पानी पुस्तकात शीर्षकपान आणि श्रेयपान वजा जाता १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. मजकूर बहुधा पाचशे शब्दांच्या आत. घर, कपडे, कोण कुठे बसलंय, कोण कोणाकडे पाहतंय हे सगळं चित्र सांगतं. आणि जाणकाराच्या हाती काय पडतं? नुसती मजकुराची फाइल.

वाचन तीनदा व्हावं. पहिलं, कथेच्या एकपानी आराखड्याचं: अडचण कोण सोडवतं, बाहेरून आलेलं पात्र येऊन सगळ्यांना वाचवतं का, अपंग मूल शेवटी 'बरं' होतं का. दुसरं, पेन्सिल डमीचं, म्हणजे सगळ्या पानांच्या कच्च्या रेखाटनांचं. तिसरं, रंगप्रूफ आणि मलपृष्ठावरच्या मजकुराचं. मलपृष्ठ सर्रास राहून जातं, कारण ते विक्री विभाग लिहितो. आत साधं शाळेत जाणारं मूल असतं आणि मागे छापलेलं असतं 'एका गूढ संस्कृतीची सफर'!

क्रमही महत्त्वाचा आहे. रंगवून झालेलं जोडपान बदलायचं तर चित्रकार जादा मोबदला मागतो, आणि ते रास्तच आहे. मग संपादक म्हणतो, 'एवढं चालून जाईल.'

तिरकीरेघ
असहमत. एका माणसाला अख्ख्या समाजाच्या वतीने बोलायचा अधिकार दिला कोणी? शहरात वाढलेल्या जाणकाराला गावातलं घर कसं दिसतं हे लेखकाइतकंच ठाऊक असतं, म्हणजे ऐकून. वर तुम्ही त्याला तीनदा बसवणार.

जन्माने समज येते हेही गृहीत धरू नका. जानेवारी २०१६मध्ये स्कोलॅस्टिक या अमेरिकी प्रकाशनाने जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवरचं चित्रपुस्तक बाजारात आल्यावर दोनेक आठवड्यांत मागे घेतलं. गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी हसतमुखाने केक करताहेत, यावर आक्षेप होता. त्या पुस्तकाच्या चित्रकार आणि संपादक दोघीही कृष्णवर्णीय होत्या. मग जाणकार आणखी कुठून आणायचे?

चित्रचौकट
@तिरकीरेघ, तुमचं उदाहरण मूळ धाग्याच्याच बाजूने जातं. त्या कथेत पेच काय होता? केकसाठी साखर नाही. तो सुटला की आनंदीआनंद. खरा हर्क्युलिस १७९७मध्ये वॉशिंग्टनच्या ताब्यातून निसटला, हे पुस्तकात होतं, पण शेवटच्या टिपेत. टीप मोठ्यांसाठी असते. चार-पाच वर्षांच्या मुलापर्यंत पोचतात ती चित्रांतली हसू. हे हसू रंगाच्या टप्प्यावर पुसता येत नाही, कारण ते कथेच्या सांगाड्यातूनच आलंय. आराखडा वाचतानाच कोणी विचारलं असतं, 'पेच साखरेचाच का?', तर पुस्तक वेगळं झालं असतं किंवा झालंच नसतं.

डमीवर काय बघायचं तेही सांगतो, कारण 'संवेदनशीलतेने बघा' म्हटलं की कोणालाच काही दिसत नाही. रोजच्या प्रसंगात सणाचे कपडे आलेत का (इंटरनेटवरचे फोटो बहुतेक सणांचेच असतात, म्हणून ही चूक सगळ्यात जास्त). शेजारच्या दोन वेगळ्या समाजांचे दागिने एकाच अंगावर आलेत का. पाट्यांवरची अक्षरं खरी आहेत की नुसत्या रेघोट्या. कुटुंबातल्या सगळ्यांना एकच तपकिरी छटा दिलीय का; खऱ्या घरात चार जणांच्या चार छटा असतात. व्हीलचेअर त्या मुलाच्या मापाची आहे की इस्पितळातली मोठी, मागून ढकलायची. शेवटची चूक अगदी नेहमीची. स्वतः चाकं फिरवणारं मूल त्या खुर्चीत बसवलं की ते परावलंबी दिसतं, मजकूर काहीही म्हणो.

तिरकीरेघ
यादी चांगली आहे, मान्य. पण यातलं निम्मं नेटका संपादक स्वतः पकडू शकतो. त्याला अभ्यास म्हणतात.

'ज्याचं त्यानेच लिहावं' हा आग्रह कुठे नेतो तेही बघा. #ओनव्हॉइसेस ('स्वतःचा आवाज') हा हॅशटॅग कोरिन डायव्हिस यांनी २०१५मध्ये सुरू केला तो वाचकांना पुस्तकं सुचवायची सोय म्हणून. पुढे प्रकाशकांनी त्याचा जाहिरातीचा शिक्का केला. लेखकांना आपलं आजारपण, लैंगिकता, घराणं जाहीर करायची वेळ आली. अखेर 'वी नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेनेच २०२१मध्ये तो वापरणं थांबवलं.

ओळीमधलं
दोघेही एका गोष्टीची गल्लत करताय. 'कोणाबद्दल' आणि 'कोणाकडून' हे मोजायचे दोन वेगळे रकाने आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सीसीबीसी या बालपुस्तक केंद्राने १९८५मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा अमेरिकेत वर्षाला निघणाऱ्या सुमारे २,५०० बालपुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची १८ निघाली. म्हणून ओनव्हॉइसेसचा आग्रह आकाशातून पडलेला नाही. जाणकार वाचकाला एकरकमी मानधन देऊन लेखकपण मात्र नेहमीच्याच मंडळींकडे ठेवणं ही सोयीची पळवाट आहे. @पानोपानी, तुमची तीन वाचनं ही पळवाट जास्त गुळगुळीत करतात, एवढंच.

पानोपानी
आक्षेप रास्त, पण उत्तर अर्धं आहे. बाहेरच्याने लिहूच नये म्हटलं तर 'द स्नोई डे'सुद्धा (१९६२) बाद होईल. एझ्रा जॅक कीट्स गोरे ज्यू होते आणि बर्फात खेळणारा पीटर कृष्णवर्णीय. त्याला चित्रपुस्तकांसाठीचं १९६३चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. १९६५मध्ये शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी त्यावरही बोट ठेवलं, की मजकुरात मुलाचा वर्ण कुठेच सांगितलेला नाही. मला विचाराल तर तेच त्याचं बळ आहे. त्या वयाचं मूल बर्फात खेळताना स्वतःच्या वर्णाची नोंद कशाला करेल?

ओळीमधलं
आणि मला विचाराल तर लॅरिक यांचा प्रश्न त्या काळासाठी बरोबर होता. असो, एका पुस्तकावर नियम बेतता येत नाही.

मजकुराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून थोडं. परभाषेतला शब्द तिरप्या टायपात टाकला आणि लगेच 'म्हणजे अमुक' असं जोडलं, की ज्या मुलाच्या घरातला तो शब्द आहे तेच पाहुणं ठरतं. संदर्भातून अर्थ लागेल अशी कृती त्याच वाक्यात द्या. शब्दार्थांची यादी द्यायचीच तर शेवटी, आणि उच्चारासकट. मोठ्याने वाचून दाखवणारा उच्चारालाच अडखळतो.

दुपारचीउन्हं
अवांतर: जुन्या पुस्तकांतले शब्द बदलणं यात धरायचं का? रोआल्ड डालच्या पुस्तकांवरून २०२३मध्ये गदारोळ झाला होता.

पानोपानी
वेगळा धागा काढा. तिथे लेखक हयात नाही, हा मोठा फरक. हयात असताना 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'तल्या उम्पा-लुम्पा कामगारांचं मूळचं आफ्रिकी वर्णन १९७३च्या आवृत्तीत डाल यांनी स्वतःच बदललं होतं.

तिरकीरेघ
मूळ मुद्द्यावर शेवटचा प्रश्न. दोन जाणकारांनी परस्परविरोधी शेरे दिले तर? अशा वेळी संपादक घाबरून तो प्रसंगच काढून टाकतो, आणि पुस्तक जास्त गुळगुळीत, जास्त खोटं होतं.

चित्रचौकट
म्हणून शेरे तोंडी घेऊ नयेत. चार रकान्यांचा तक्ता करा: पान, शेरा, प्रकार, निर्णय व कारण. प्रकार दोनच. 'वस्तुस्थिती' असेल (प्रार्थनेत कोण पुढे बसतं, कोणत्या हाताने देतात) तर तिसरा स्रोत बघून निकाल लावता येतो. 'रुची' असेल तर लेखक ठरवेल, पण नाकारण्याचं कारण लिहून देईल. हा तक्ता चित्रकारालाही जायला हवा. तो बहुधा संपादकाच्या मेलमध्येच अडकतो. आणि करारात एक कलम हवंच: अंतिम प्रूफ पाहिल्यावर जाणकाराला श्रेयपानावरून स्वतःचं नाव काढून घेता येईल. नाहीतर सूचना धाब्यावर बसवून त्याचंच नाव ढाल म्हणून छापलं जातं.

ओळीमधलं
कलमाला अनुमोदन. मानधनाचं अजून पटलेलं नाही. ज्याच्या शेऱ्याने आराखडाच बदलतो, त्याला रॉयल्टीत वाटा का नको?