विषय: आरोग्य विमा, महामारी आणि शस्त्रक्रियेचा निकाल

सप्रेम नमस्कार,

सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या माझ्या काकांना हर्निया आहे आणि त्यांचा विमा नाही. कोविडच्या काळात विमा नसलेल्या रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतर अधिक हाल झाले, असे ऐकतो. सर्जन तोच, टाके तेच. मग विम्याने निकालात फरक का पडावा, हे डॉक्टरकाकांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

तुझा प्रश्न रास्त आहे. फरक पडतो तो रुग्ण टेबलावर केव्हा येतो, यात. सिव्हिलमध्ये निवासी डॉक्टर असताना विडी घरकुलाकडचे कितीतरी यंत्रमाग कामगार मी पाहिले, जे हर्नियाची, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे बाहेर येऊन झालेली, जांघेतली गाठ हाताने आत सारून वर्षानुवर्षे पाळी भरत आणि एके रात्री ती आत जाईनाशी होऊन उलट्या सुरू झाल्या, की मगच येत. उघडून पाहावे तर आतड्याचे वेटोळे काळे पडलेले. त्या कमकुवत जागी जाळी बसवून दुसऱ्या दिवशी घरी जाण्याजोगा माणूस आतडे कापल्यामुळे कितीतरी दिवस खाटेवर पडून राही. या उशिरामागे बहुतेकदा खर्चाची धास्तीच असे. विमा नसलेल्याचा मधुमेहही बहुधा दुर्लक्षित असतो, तेव्हा सगळा दोष एकट्या विम्याच्या अभावावर टाकता येणार नाही, हेही खरे.

२०२० मध्ये नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या, माग बंद पडले, अमेरिकेत अनेकांचा नोकरीबरोबर विमाही गेला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या २४ देशांतील ११२८ रुग्णांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविडची लागण झालेल्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावल्याचे आढळले. साधी शस्त्रक्रिया संसर्ग ओसरेपर्यंत पुढे ढकलता येते. अडकलेला हर्निया थांबत नाही, त्यामुळे उशिरा आलेल्याला हा धोका टाळण्याची सोयच उरत नव्हती.

काकांना काहीच आधार नाही, असे मात्र समजू नकोस. महाराष्ट्राने मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही लागू केली आणि २०२३ मध्ये कुटुंबामागे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. काकांनी शिधापत्रिका व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटावे आणि हर्नियाची शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसते का, हे विचारून घ्यावे. दोन्ही कागदांवर नाव सारखेच आहे ना, हे आधी तपासावे. खासगी पॉलिसी आज घेतली तरी हर्नियासाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली किंवा उलटी झाली, तर कागदांची वाट न पाहता तत्काळ सिव्हिल गाठावे.